आमच्या रस्त्यावरची शतपावली

अकोल्याच्या फलाटावर मला पोचवायला सगळं घर आलं होतं. १९७३ साल. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि हे आधीच माँट्रियलला नोकरीवर रुजू झाले होते. मी मागून एकटीच निघाले होते. मुंबईपर्यंत मामा सोबत, पुढे विमान. बाबा भूगोलाचे शिक्षक. सेंट लॉरेन्स नदी कुठून निघते आणि कुठे समुद्राला मिळते हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं, पण त्या दिवशी त्यांना भूगोल काही सुचेना. खिडकीचा गज धरून ते म्हणाले, "पोचलात की गाव पायी बघा. गाडीतून नुसते रस्ते दिसतात." गाडी हलली तशी आई डब्याबरोबर चालू लागली आणि मोठ्यानं म्हणाली, "जेवली का लोळत नको पडजो. थोडं चालत जाजो." डब्यातली माणसं हसली. पोरगी जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाली आणि आई पचनाचं सांगते आहे. मग आईही हसली, आणि ती हसत असतानाच फलाट मागे पडला. माझं रडणं मात्र शेगाव गेलं, नांदुरा गेलं, तरी चालूच होतं.

तिकडे राहिलेल्या माझ्या भावंडांनी बरेचदा विचारलं आहे, की हे गेल्यावर तू तिथे एकटी कशाला राहतेस. माझ्याच काळात इकडे आलेल्या मैत्रिणींनी, आता आपापल्या मुलांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलेल्या, तेच विचारलं आहे. फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, आणि तेही सावकाश.

आईचं सांगणं आम्ही पाळलं. मी पोचले तेव्हा नोव्हेंबर होता आणि बाहेर चालणं शक्य नव्हतं, म्हणून जेवण झालं की आम्ही दोघं इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो. एक म्हातारी बाई दार उघडून म्हणाली, "घर सापडत नाही का तुम्हाला?" यांनी आपल्या नव्या फ्रेंचमध्ये सांगितलं की घर सापडलं आहे, म्हणूनच चालतोय. तिला काय कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला केक आणून दिला. पुढे शहराबाहेरच्या उपनगरात आम्ही घर घेतलं. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांची ही हकिगत आहे त्यांनी तशी विनंती केली आहे. तिथे उन्हाळ्यात फुटपाथवर आणि हिवाळ्यात बेसमेंटमध्ये, फर्नेसला वळसा घालून, आमची शतपावली चालू राहिली. मुक्ता, आमची मुलगी, लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "डोन्ट माइंड देम, दे आर डायजेस्टिंग."

हे गेले २०१५च्या हिवाळ्यात. त्या जानेवारीत समोरच्या घरातली मारी-क्लेर भोपळ्याच्या सूपचं पातेलं घेऊन आली. ती हैतीची. तिच्या देशात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरोघरी हे सूप करतात आणि ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याला नेऊन देतात. वृद्धाश्रमात नर्स म्हणून काम करणारी, उंच, खणखणीत आवाजाची बाई. आम्ही समोरासमोर वीस-एक वर्षं राहत होतो. बर्फ एकत्र शोव्हल केलं होतं, पण माझ्या स्वयंपाकघरात ती बसली ती त्या दिवशीच पहिल्यांदा. मी सूप पिईपर्यंत उठली नाही. जाताना म्हणाली, "उन्हाळा आला की पुन्हा चालायला लाग. तू चालत नाहीस तर रस्ता बरा दिसत नाही."

उन्हाळा आला आणि मी चालायला लागले. एकटीनं चालताना डाव्या बाजूला जागा सोडायची सवय मोडायला वेळ लागला.

तिचा मुलगा जेफ्ते तेव्हा चोविशीचा. फिजिओथेरपी शिकत होता. यांच्या शेवटच्या वर्षात तो त्यांच्याकडून पायांचे व्यायाम करून घ्यायचा आणि त्यांच्या कंटाळ्याला भीक घालायचा नाही. त्या जुलैमधल्या एका संध्याकाळी तो बसमधून उतरून घरी येत होता. उजेड होता. मी नुकतीच माझी फेरी संपवून आत आले होते. पोलिसांची एक गाडी माझ्या शेजारून गेली होती आणि आतल्या माणसानं मला हात केला होता. तीच गाडी पुढे वळून जेफ्तेपाशी थांबली. कुठे चाललास, त्यांनी विचारलं. घरी, तो म्हणाला, आणि घराकडे बोट दाखवलं. ओळखपत्र काढ, म्हणाले. कशासाठी, त्यानं विचारलं. पुढचं मी खिडकीतून पाहिलं. त्याला आमच्या हिरवळीच्या कडेला पालथा पाडला, एकाचा गुडघा पाठीवर, आणि एक हात असा पिरगळलेला की तो खांद्यातून निखळला. मी बाहेर जाईपर्यंत मारी-क्लेर रस्ता ओलांडून आली होती. ओरडत नव्हती. त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि घराचा पत्ता ती मोठ्यानं, संथपणे सांगत होती, जसं दवाखान्यात पेशंटबद्दल सांगतात.

आम्हाला या देशात कधी कुणी हटकलं नाही असं नाही. विमानतळावर हटकलं आहे, सरहद्दीवर हटकलं आहे. पण जेवून चालताना, आपल्या रस्त्यावर, चाळीस वर्षांत एकदाही नाही. जेफ्ते मिसरूड फुटल्यापासून किती वेळा थांबवला गेला हे त्यानं आईलाही सगळं सांगितलेलं नव्हतं.

त्याच्यावर पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. खांदा बसवला. आणि त्यानंतर तो रस्त्यावर पाऊल टाकेना. बसथांबा आमच्या घरातून दिसतो, पण मारी-क्लेर त्याला गाडीनं तिथे सोडायची आणि संध्याकाळी गाडीनं आणायची. तो घरासमोरच्या ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत यायचा, तिथून परत फिरायचा. ती मला म्हणाली, "खांदा बरा होईल, तसे मी शेकडो पाहिलेत. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत तो या रस्त्यावरून एकटा चालला नाही, तर मी घर विकणार. ज्या घरातून माझा मुलगा बाहेर पडू शकत नाही ते घर मला नको."

गावात कृष्णवर्णीय कुटुंबांची एक संघटना होती. पोलिसांनी विनाकारण हटकणं बंद करावं, मारहाण करणाऱ्यांची बाहेरच्या लोकांकडून चौकशी व्हावी, यासाठी ती माणसं अनेक वर्षं नगरपालिकेच्या दारात जात होती. संघटनेच्या प्रमुख योलांदबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मारी-क्लेर मला एकदा चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांच्या सभेला घेऊन गेली, कारण मी खिडकीतून पाहिलेलं सांगायचं होतं. मी सांगितलं. योलांदबाईंनी शेवटी चष्म्यावरून विचारलं, "आणि तुम्ही स्वतः कुठे चालला होतात त्या संध्याकाळी?"

"कुठेच नाही. आम्ही जेवल्यावर चालतो," मी म्हणाले, आणि आमच्या भाषेत त्याला शंभर पावलं म्हणतात हेही सांगितलं.

मग मागून एक बाई म्हणाली, "कुठेच नाही जायचं आणि चालायचं. आमच्या मुलांना सांगून बघा." कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि ते हसणं बराच वेळ थांबेना. योलांदबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे चांगलं आहे. फलक नको, घोषणा नको. दर गुरुवारी जेवायचं आणि आपल्याच रस्त्यावर चालायचं. कुठे चाललात विचारलं तर खरं ते सांगायचं."

पहिल्या गुरुवारी आम्ही मोजकीच माणसं होतो. मारी-क्लेर म्हणाली, तुझी माणसं आण. माझी माणसं म्हणजे इथल्या मराठी मंडळातली, बहुतेक दुसऱ्या उपनगरात, लव्हालला राहणारी, गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली. मी नलूताईंना फोन केला. त्या मंडळाच्या गणपतीच्या सगळ्या पाळ्या लावतात. त्या आल्या की बाकीचे येतात.

"अगं वत्सला, आपण पाहुणी माणसं. पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं?"

"नलूताई, त्रेचाळीस वर्षं झाली. पाहुणे इतके दिवस राहिले तर यजमान घर सोडून जातात."

मग म्हणाल्या, "पण गुरुवारी माझा उपास असतो. मोर्चाला उपाशी चालेल का?"

"मोर्चा नाही. शतपावली आहे."

"मग असं काय करतेस? शतपावली म्हटल्यावर आधी जेवण नको का?"

यात त्यांची चूक नव्हती. शतपावलीला बोलावलं म्हणजे जेवायला बोलावलं, असाच अर्थ आमच्यातला कुणीही घेईल. पुढच्या गुरुवारी मंडळाच्या चार गाड्या आमच्या रस्त्यावर आल्या आणि त्यातून डबे निघाले. निम्म्यांचा गुरुवार, म्हणून साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, उरलेल्यांसाठी मसालेभात. मारी-क्लेरनं ड्राइव्हवेवर टेबलं मांडली, तिच्या मैत्रिणींनी तळलेली केळी आणि कोबीचं झणझणीत लोणचं आणलं. ते लोणचं खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला घरचा ठेचा आठवला. योलांदबाईंनी खिचडीची दुसरी वाढणी घेतली आणि विचारलं, "तुम्ही उपास करता तेव्हा हे खाता?"

"हो," नलूताई म्हणाल्या.

"मग उपास नसतो तेव्हा जेवणावरून तुम्हाला उठवतं कोण?"

नलूताईंना फ्रेंच फारसं येत नाही. मी मराठीत सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की खुर्चीत बसल्या. त्या दिवशी चालणं फार हळू झालं.

जेफ्तेला टेबलं उचलायला बाहेर यावं लागलं. तो ड्राइव्हवेवर थांबला, आम्ही गेलो, आम्ही परत आलो तेव्हाही तो तिथेच होता. पुढच्या गुरुवारी तसंच. त्याला कुणी चल म्हणायचं नाही असं मारी-क्लेरनं सगळ्यांना बजावलं होतं. नलूताईंनी मात्र त्याला आपला गुडघा दाखवला आणि जिने चढताना कुठे दुखतं ते मराठीत सांगितलं. त्यानं खुर्ची ओढून त्यांना पाय सरळ करायला लावला. त्यानंतर दर गुरुवारी जेवणाआधी ड्राइव्हवेवर मराठी गुडघ्यांची रांग लागू लागली. डॉक्टर बापट, आमच्यातले पोटाचे निवृत्त डॉक्टर, चिडून म्हणाले, "चाळीस वर्षं यांनी मला फुकट विचारलं, आता हा पोरगा माझी प्रॅक्टिस पळवतोय." जेफ्ते बऱ्याच दिवसांनी हसला. मारी-क्लेर आत भांडी घासत होती. पाणी चालू ठेवून ती खिडकीशी उभी राहिली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका गुरुवारी पोलिसांची गाडी आमच्या मागून हळूहळू येऊ लागली. आम्ही आमच्याच घरासमोर पोचलो होतो. गाडी थांबली, काच खाली झाली. तरुण माणूस होता.

"कुठे चाललात तुम्ही सगळे?"

"कुठेच नाही," योलांदबाई म्हणाल्या.

"एवढी माणसं आहात. परवानगी काढली आहे?"

"जेवायची?"

डॉक्टर बापट पुढे झाले. त्यांचं फ्रेंच पुस्तकी आणि फार सभ्य आहे. जेवणानंतर माणूस आडवा झाला की जठरातलं आम्ल कसं वर येतं, आणि संथ चालण्यानं जठर कसं लवकर रिकामं होतं, हे त्यांनी गाडीच्या खिडकीशी वाकून त्याला नीट समजावून सांगितलं. मध्ये तो काही बोलायला गेला तर त्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं, कारण अजून आतड्यांचं राहिलं होतं. आमच्यातल्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या, नाहीतर हसू आवरलं नसतं. डॉक्टरांचं झाल्यावर योलांदबाईंनी शांतपणे विचारलं, "आता तुम्ही सांगा. आम्हाला कशासाठी थांबवलंत?"

त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, शुभ संध्याकाळ या अर्थी "बोन स्वारे" म्हणाला आणि निघून गेला.

ड्राइव्हवेवर परत आल्यावर सगळे एकदम बोलू लागले. नलूताई डॉक्टरांच्या बोटाची नक्कल करत होत्या. जेफ्तेनं सगळं पाहिलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही कुठेच नाही म्हणालात आणि तो गेला." मग हळूच, "मी तर कुठे चाललोय तेही सांगितलं होतं."

हसणं थांबलं. नलूताई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोलायला त्यांच्याकडे भाषा नव्हती. जेफ्ते खाली बघत होता. मग योलांदबाईंना म्हणाला, "पुढची सभा कधी आहे नगरपालिकेची?"

सभा सोमवारी होती. नगरपालिका आमच्यापासून चालत जाण्यासारखी आहे. त्या दिवशीही आम्ही आधी जेवलो, कारण तोपर्यंत ते ठरूनच गेलं होतं, आणि मग निघालो. जेफ्ते ड्राइव्हवेच्या टोकाशी आला, थांबला, आणि आमच्यात शिरला. सगळ्यांच्या मधोमध, आईच्या शेजारी. पहिल्यांदा तो रस्त्यावर चालला तो असा, गर्दीत. संघटनेतली घरं वाटेत येत गेली तसतशी माणसं वाढत गेली. कुणाच्या हातात बाळ, कुणी अजून तोंड पुसत. नलूताईंचा गुडघा त्या दिवशी बरा वागला.

सभेत नागरिकांना एकेक प्रश्न विचारता येतो. योलांदबाई दर महिन्याला विचारत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी आपली पाळी जेफ्तेला दिली. त्यानं कागद आणला नव्हता. म्हणाला, "मी माझ्या रस्त्यावर चालत होतो. कुठे चाललास असं मला विचारण्याचं कारण काय होतं? मला फक्त कारण हवं आहे." महापौरांनी चौकशी चालू असल्याचं सांगितलं. जेफ्ते जागेवर बसला नाही. मागे सगळं सभागृह उभं राहिलं, आणि तसंच उभं राहिलं. शेवटी महापौरांना कबूल करावं लागलं की या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

त्या कबुलीसाठी ती माणसं वर्षानुवर्षं आली होती. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर कुणीतरी गाणं सुरू केलं, त्यांच्या क्रेओल भाषेतलं, मला न समजणारं, आणि मंडळातल्या बायकांनी टाळ्या धरल्या. टाळीवर गाणं म्हणायला आम्हाला शिकवावं लागत नाही. मीही टाळ्या वाजवल्या. हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

हिवाळ्यात शतपावली चर्चच्या बेसमेंटमध्ये झाली. वसंत ऋतूत जेफ्तेवरचा गुन्हा कोर्टानं काढून टाकला. त्यानंतर नगरपालिकेनं ठराव केला: कारण असल्याशिवाय कुणालाही थांबवायचं नाही, थांबवलं तर कारण सांगायचं, आणि कारण नसेल तर माणूस निघून जाऊ शकतो. त्याला पाडणाऱ्या पोलिसांचं काय झालं, हे मात्र अजून कुणी आम्हाला सांगितलेलं नाही; योलांदबाई दर महिन्याला विचारतात. ठराव झाला त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "कागदावर आलं. आता रस्त्यावर येतंय का बघायचं." आणि केळ्यांचं ताट पुढे सरकवलं.

जेफ्ते आता दर गुरुवारी आमच्याबरोबर चालत होता. एकटा नाही. उन्हाळा सरत आला. मारी-क्लेर त्याबद्दल बोलत नसे, पण एकदा तिच्या दारात घर विकून देणाऱ्या एजंटची गाडी उभी दिसली, आणि मी दिवसभर पुस्तक उघडं ठेवून एक ओळ वाचली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस एका मंगळवारी माझं जेवण आटोपलं होतं. समोरचं दार उघडलं आणि जेफ्ते बाहेर आला. ड्राइव्हवेच्या टोकाशी उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी घाईनं दाराशी गेले, एका पायात चप्पल घातली. मग दुसरी घातली नाही. पहिलीही काढली आणि खिडकीशी येऊन उभी राहिले.

तो फुटपाथवर उतरला. बसथांब्याच्या दिशेनं गेला, थांब्यापाशी न थांबता पुढे गेला. कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. मी उभीच होते. बराच वेळ कुणी आलं नाही. मग तो दुसऱ्या बाजूनं आला, म्हणजे घरांच्या सगळ्या ओळीला वळसा घालून. वाटेत एका कुंपणावरच्या मांजराशी थांबून काहीतरी बोलला. हात खिशात, मान वर, आणि चाल अशी, की याला कुठेही पोचायचं नाही.

फोन वाजला. मारी-क्लेर होती. ती स्वयंपाकघरात मागच्या बाजूला बसून होती. खिडकीशी यायचा धीर तिला झाला नव्हता.

"तुझ्या घरावरून गेला?"

"गेला."

"एकटा?"

"एकटा. आता तो परत येतोय."

"घाईत आहे का?"

"अजिबात नाही. अगदी रमतगमत. तुझ्या घराच्या पुढे गेला. दुसरी फेरी मारतोय."

मग ती हसू लागली, आणि मीही. दोन म्हाताऱ्या बायका, मध्ये एक रस्ता, फोन कानाला लावून हसत होत्या.

तुम्ही विचारता, घर म्हणजे आता कुठलं. अकोला आहेच, तिथल्या फलाटावरची आई अजून माझ्या गाडीबरोबर चालते आहे. पण मुक्तानं परवा पुन्हा विचारलं, "आई, ओटावाला येतेस ना आता? वी हॅव द रूम." मी म्हणाले, येईन, राहायला नाही, भेटायला. एजंट पुन्हा आला नाही. माझ्या खिडकीतून एक फुटपाथ दिसतो, त्यावरून माणसं जेवून सावकाश चालतात आणि कुठे चाललात असं त्यांना कुणी विचारत नाही. विचारलंच, तर आम्ही सगळे बाहेर येऊन उभे राहतो. अशी जागा सोडून मी कुठे जाऊ. आज गुरुवार आहे आणि साबुदाणा भिजत घातला आहे.